अर्ध्या गोळीचा हिशेब

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आसपासच्या, नोकरी करणाऱ्या. आईला स्तनाचा कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी तो हाडांत पसरल्याचं कळलं. तेव्हापासून रोजची गोळी, दर महिन्याला हाडांसाठी इंजेक्शन, अधूनमधून स्कॅन. वडील निवृत्त. विम्याची मर्यादा कधीच संपली. ताईंनी मुदत ठेव मोडली, एक कर्ज नवऱ्याला सांगून काढलं, दुसरं न सांगता. आईला खर्चाचा आकडा कळू द्यायचा नाही असं त्यांनी आणि वडिलांनी ठरवलं आहे, त्यामुळे बिलं परस्पर भरली जातात. ताज्या स्कॅनमध्ये आजार थोडा वाढलेला दिसला आणि डॉक्टरांनी दुसरं, बरंच महाग औषध सुचवलं. त्यासाठी आई-वडील राहतात ते घर विकावं लागेल. परदेशातला धाकटा भाऊ म्हणतो, ‘पैशाकडे बघू नका, आईकडे बघा.’ वडील सही करायला तयार आहेत. अशात एकदा आईची गोळ्यांची डबी आवरताना ताईंना त्यात अर्ध्या तोडलेल्या गोळ्या सापडल्या. त्यांनी आईला काही विचारलं नाही. त्यांचे प्रश्न दोन. घर विकावं का? आणि ‘या औषधाने नक्की किती फरक पडेल’ असं डॉक्टरांना विचारावंसं वाटतं, म्हणजे मी आईची किंमत करतेय का?

ताई,

घराकडे मी जरा उशिरा येणार आहे. गोळ्यांची गोष्ट तुमच्या पत्रात शेवटी, जाता जाता आलीय. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची आहे, कारण घराच्या प्रश्नाचं उत्तर काही अंशी त्या डबीत असू शकतं.

आधी एवढंच बघा की अर्धी केलेली गोळी कोणती. रक्तदाबाची किंवा थायरॉइडची असेल आणि डॉक्टरांनीच अर्धी घ्यायला सांगितली असेल, तर विषय संपला. मळमळतं म्हणून किंवा घशाखाली उतरत नाही म्हणूनही लोक गोळ्या तोडतात. पण ती कॅन्सरची महाग गोळी असेल, तर मेडिकलच्या पावत्या काढा आणि त्यांवरच्या तारखा लावून बघा. महिन्याचं पाकीट दीड-दोन महिने पुरत असेल, तर आईने काटकसर सुरू केली आहे असं समजायला हरकत नाही.

मग याचा अर्थ काय होतो? डॉक्टरांच्या फाईलमध्ये लिहिलंय की पेशंट पूर्ण डोस घेतेय. स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला, म्हणून त्यांनी ठरवलं की हे औषध आता लागू पडत नाही, पुढचं सुरू करू. मधली गोष्ट त्यांना माहीतच नाही. आता, पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या तरी आजार वाढला असता, असंही असू शकतं. या आजारात तसं होतं आणि त्याचा दोष आईच्या माथी मारायचा नाही, तुमच्या तर नाहीच नाही. पण लागू न पडलेलं औषध आणि पोटात न गेलेलं औषध या दोन गोष्टी डॉक्टरांसाठी अगदी वेगळ्या असतात. ते म्हणतील, याचाच पूर्ण डोस देऊन बघू. किंवा म्हणतील, नाही, पुढेच जायला हवं. काहीही म्हणोत, घराच्या कागदांवर सही होण्याआधी हे त्यांच्या कानावर गेलंच पाहिजे. शिवाय बऱ्याच गोळ्या तोडायच्या नसतातच, तेही त्यांना विचारून घ्या. फक्त त्यांच्याकडे जायच्या आधी आईशी बोला, तिच्या माघारी तिची चुगली केल्यासारखं व्हायला नको.

तुम्ही लिहिलंय, ‘आईला काही कळू दिलेलं नाही.’ माझा यावर विश्वास बसत नाही. आजारी माणूस दिवसभर घरात असतो आणि त्याच्याइतकं बारकाईने घराकडे कोणी बघत नाही. कुणाचा फोन आला की तुम्ही उठून बाहेर जाता, बाबांनी स्वतःची तपासणी पुढे ढकलली, भावाशी बोलताना सगळ्यांचे आवाज खाली जातात, असलं सगळं तिला दिसत असणार. खरा आकडा माहीत नाही, म्हणून मनात ती कदाचित त्याहून मोठा आकडा धरून बसली असेल. आणि तिला कुणी विचारलंच नाही, तेव्हा तिच्या हातात जे होतं त्यात तिने बचत केली. म्हणजे जिला पैशांच्या निर्णयापासून लांब ठेवायचं होतं, ती रोज सकाळी पैशांचाच निर्णय घेतेय, तोही एकटीने आणि अर्धवट माहितीवर.

यात ती जगावेगळी नाही. रक्ताच्या एका कॅन्सरवर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. नेमाने घेतली तर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं चांगले जगतात. तिच्याबद्दलचा एक अमेरिकन अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना गोळीसाठी स्वतःच्या खिशातून जास्त पैसे भरावे लागत होते, त्यांनी पहिल्या १८० दिवसांतच ती सोडून देण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत ७० टक्क्यांनी अधिक होती. या लोकांना गोळीचं महत्त्व समजत नव्हतं असं कोण म्हणेल?

तर आईशी बोला. कसं, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, पण मी तुमच्या जागी असते तर साधारण एवढंच म्हटलं असतं : ‘आई, गोळ्या अर्ध्या केलेल्या बघितल्या मी. रागावले नाहीये. पैशांचं मी तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं. आता सगळं सांगते. पण गोळ्यांचं तू एकटीने ठरवू नकोस.’ आणि मग खरंच सगळं सांगा. किती खर्च झाला, कुठून आला, नवीन औषधाला किती लागतील, घराचा विषय का निघाला. रडारड होईल, होऊ द्या. बाबांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर ते मध्येच ‘काही नाही गं, सगळं ठीक आहे’ म्हणून बोलणं मोडतील.

ती पटकन म्हणेल, ‘मला नको आता काही, पुरे झालं.’ हे वाक्य घाईने मान्य करू नका आणि घाईने खोडूही नका. तिला एक प्रश्न विचारा : हे औषध फुकट मिळालं असतं तर घेतलं असतंस का? ‘हो’ म्हणाली, तर तिला औषध हवं आहे, आडवा येतोय तो पैसा, आणि पैशाचे मार्ग शोधता येतात. ‘तरीही नको’ म्हणाली, तर तिचं शरीर आणि मन दमलं आहे. तेव्हा घर विकून आणलेलं औषध तुम्ही तिला तिच्यासाठी द्याल की स्वतःला बोल लागू नये म्हणून, हे तुम्हालाच तपासावं लागेल. उत्तर लगेच यायला हवं असंही नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्हाला जास्त छळतोय असं दिसतं. डॉक्टरांना ‘किती फरक पडेल’ विचारणं म्हणजे आईची किंमत करणं का? मुळीच नाही. किंमत औषधाची होतेय, आईची नाही. तुमच्या भावाच्या वाक्यात पैसा एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला आहे, आणि तुम्हीही ते वाक्य जसंच्या तसं उचललंत. खर्च हा आजाराच्या बाहेरचा विषय नसतो. २०१३ मध्ये युसुफ झफर आणि एमी ॲबरनेथी या अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांनी लिहिलं की उपचारांचा आर्थिक भार हा केमोच्या उलट्या-थकव्यासारखाच एक दुष्परिणाम मानावा, कारण तोही रुग्णाची तब्येत आणि जगणं बिघडवतो. वॉशिंग्टन राज्यातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवाळखोरी जाहीर करावी लागलेल्या कॅन्सर रुग्णांत मृत्यूचा धोका तशाच इतर रुग्णांपेक्षा ७९ टक्क्यांनी अधिक आढळला. दिवाळखोरीनेच माणसं गेली असा याचा अर्थ लावता येत नाही, पण पैसा संपणं आणि प्रकृती ढासळणं हातात हात घालून चालतात एवढं त्यातून दिसतं. आणि तुमच्यासारखी घरं थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०१९ साली सुमारे २०० कोटी लोक आरोग्यावरच्या खर्चाने आर्थिक अडचणीत होते. उलट्या होतात हे डॉक्टरांना सांगताना आपण लाजत नाही. मग हे सांगताना का लाजावं?

मोकळेपणाने सांगण्याचा एक रोकडा फायदाही आहे. महाग ते चांगलं आणि जास्त ते अधिक चांगलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमच्याच घरातलं हाडांचं इंजेक्शन घ्या. ते झोलेड्रॉनिक ॲसिड असेल, तर त्यावर एक मोठी चाचणी झालेली आहे. कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेले १,८२२ रुग्ण घेतले, निम्म्यांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन आणि निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी. दोन वर्षांत हाड मोडणं, हाडासाठी रेडिएशन किंवा ऑपरेशन लागणं यांसारखे त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले, तीस टक्क्यांच्या किंचित खाली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे इंजेक्शनं एक तृतीयांश, दवाखान्याच्या फेऱ्या एक तृतीयांश, आणि आईच्या हाताला टोचणंही तेवढंच कमी. तुमच्या आईला हे चालेल का, ते तिचे डॉक्टर सांगतील. तिची हाडं, किडनी, रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत. पण विचारल्याशिवाय कोणी सांगेलच याची खात्री नाही, कारण तुम्ही आजवर पैशांचा विषय काढलेलाच नाही आणि त्यांनी धरून चाललंय की परवडतंय.

हाडाच्या दुखण्यासाठी रेडिएशनची वेळ आली तर तिथेही विचारा. दुखणं कमी करण्यापुरतं बोलायचं, तर एकाच बैठकीत दिलेला डोस बऱ्याच रुग्णांत अनेक बैठकांइतकाच आराम देतो. पुढे पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता मात्र त्यात जास्त असते. डोक्या-मानेच्या प्रगत कॅन्सरमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब हे अतिमहाग औषध नेहमीच्या मात्रेच्या अगदी लहान भागात, २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर हे जोडलेल्यांपैकी ४३.४ टक्के. तो कॅन्सर तुमच्या आईचा नाही, त्यामुळे हे तिला लागू होत नाही. सांगितलं अशासाठी की कमी खर्चात तोच परिणाम कसा मिळेल यावर डॉक्टर स्वतः डोकं लढवतायत. तुम्ही हा प्रश्न विचारलात तर त्यांना नवल वाटणार नाही. मात्र मात्रा कमी करायची ती चाचणीच्या आधाराने आणि डॉक्टरांनी. स्वयंपाकघरात सुरीने नव्हे.

पुढच्या भेटीत अर्धा तास मागून घ्या आणि आईला बरोबर न्या. ‘या औषधाने आजार बरा होणार आहे का, की आटोक्यात ठेवायचा आहे?’ इथपासून सुरुवात करा. हाडांत पसरलेल्या आजारात उत्तर बहुधा दुसरं असतं, आणि ते एकदा सगळ्यांनी एकत्र ऐकलेलं बरं. कोणी ‘तीस टक्के फायदा’ म्हणालं तर तीस टक्के कशाचे ते विचारा. शंभरातल्या दहा जणांना होणारा त्रास सातांवर आला तरी तो तीस टक्क्यांचाच फायदा, आणि साठांचा बेचाळीसवर आला तरी तेवढाच. शिवाय ‘आजार वाढायला लागेपर्यंतचा काळ लांबतो’ आणि ‘आयुष्य लांबतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पुष्कळ नव्या औषधांबाबत पहिलं सिद्ध झालेलं असतं आणि दुसरं अजून नसतं. पहिल्यालाही मोल आहे, पण आपण नक्की काय विकत घेतोय ते माहीत हवं. याच औषधाची जेनेरिक किंवा बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली तशीच स्वस्त, आवृत्ती आहे का, याच्या आधी वापरून बघता येईल असा एखादा स्वस्त पर्याय आहे का आणि त्यात काय गमवावं लागेल, हेही त्याच भेटीत विचारा.

आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न : औषध लागू पडतंय की नाही हे किती दिवसांत कळेल, आणि काय दिसलं तर थांबायचं? बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो. म्हणजे आज तुम्हाला वर्षा-दोन वर्षांचे पैसे उभे करायचे नाहीत, पहिल्या स्कॅनपर्यंतचे करायचे आहेत. तुमच्या पत्रात औषध आणि घर हे जणू एकाच दमात ठरवायचे निर्णय आहेत, तसे ते नाहीत.

म्हणून घराबद्दल माझं मत : आत्ता नाही. कधीच विकू नये असं मी म्हणत नाही. घर शेवटी माणसांसाठीच असतं. पण घाईत विकलेल्या घराला भाव मिळत नाही, गरजू माणूस गिऱ्हाइकाला लांबून ओळखू येतो. त्यात आई आजारी असताना तिचं अंथरूण उचलून भाड्याच्या जागेत न्यायचं, हे तिला मानवेल का? बाबा पुढे कुठे राहणार, कोणाच्या जिवावर? तारण ठेवणं, एखादी खोली भाड्याने देणं, भावाने आणि तुम्ही पहिल्या तीन महिन्यांचा खर्च वाटून उचलणं, हे आधी करून बघा. पहिला स्कॅन चांगला आला आणि आईलाही पुढे जायचं असलं, तर तेव्हा शांतपणे, योग्य भावाला घर विकण्याचा विचार करता येईल. ‘इतकं केलं, आता मागे कसं फिरायचं’ हे मात्र कारण धरू नका. झालेला खर्च झाला, पुढचं औषध त्याने जास्त लागू पडत नाही.

भावावर मी तुमच्याइतकी चिडलेली नाही. लांब असलेल्या माणसाला अपराधी वाटत असतं आणि ते मोठ्या वाक्यांतून बाहेर पडतं. डॉक्टर मंडळींना हा नमुना इतका परिचयाचा आहे की १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्यावर ‘कॅलिफोर्नियाची लेक’ अशा नावाने लेखच आला होता : लांबून येणारं आणि ‘सगळं करा’ म्हणून हटून बसणारं नातेवाईक. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हिशेब पाठवा. औषधं, तपासण्या, जाण्यायेण्याचा खर्च, तुमच्या बिनपगारी रजा, दोन्ही कर्जांचे हप्ते, सगळं एका कागदावर. बिनपगारी रजा मुद्दाम लिहा, कारण हा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही आणि तो बहुतेक घरांत बाईच सोसते. मग सरळ विचारा, ‘यातलं दर महिन्याला तू किती उचलशील?’ डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी त्यालाही फोनवर घ्या. आईच्या तोंडून ऐकलं की बराच फरक पडतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. आईला दुखतं का? झोप लागते का? पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं, धाप, मळमळ, भीती यांच्यावरचे उपचार, डॉक्टरांकडे आजच मागा. ते ‘आता काही उरलं नाही’ म्हटल्यावर घ्यायचे असतात हा समज चुकीचा आहे. ते कॅन्सरच्या औषधासोबतच चालतात. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर बोस्टनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना हे उपचार सुरुवातीपासून मिळाले त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले आणि ज्यांना नेहमीप्रमाणे उपचार मिळाले त्यांच्यातले निम्मे ८.९ महिन्यांहून जास्त. अखेरच्या दिवसांतले जोरकस उपचार मात्र पहिल्या गटात कमी झाले होते. एकाच चाचणीवरून सगळ्या कॅन्सरचं काही ठरत नाही, पण आराम मागणं म्हणजे हार मानणं ही भीती तरी त्याने जायला हरकत नाही.

तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात, म्हणून थोडं सगळ्यांसाठी. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. योजना, धर्मादाय निधी, औषध कंपन्यांचे सवलतीचे कार्यक्रम यांची माहिती डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त असते. त्यांना उपचार सुरू व्हायच्या आधी गाठा, कारण अनेक ठिकाणी आधी मंजुरी लागते आणि नंतर केलेला अर्ज फुकट जातो. क्लेम नाकारला गेला तर कारण लेखी मागा. झटपट मिळणाऱ्या चढ्या व्याजाच्या कर्जाला हात लावू नका. लोकांकडून वर्गणी उभी करायची असेल, तर आजारी माणसाचा फोटो आणि रिपोर्ट त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. आणि सेवा करायला म्हणून नोकरी सोडू नका. रजा, अर्धा दिवस, घरून काम, जे मिळेल ते मागा. आजार संपल्यावरही, कसाही संपो, हप्ते चालू राहतात.

ताई, त्या दुसऱ्या कर्जाचं आजच नवऱ्याला सांगा. आईने गोळ्यांचं तुमच्यापासून लपवलं आणि तुम्ही हे त्यांच्यापासून, कारणही एकच. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण भावाला पाठवायचा हिशेब तुम्हाला एकटीला मांडायचा नाहीये, आणि त्या कागदावर दोन्ही कर्जं लिहावी लागणारच आहेत.